सामंजस्य कराराच्या फोटोनंतर

साखर कारखाना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे कशासाठी जातो? व्यासपीठावर उत्तर मिळते, संशोधनासाठी. कारखान्याच्या शेतकी खात्यात विचारले तर उत्तर मिळते, बेण्यासाठी. उसाची लागण करायला एकरी साधारण दहा हजार दोन डोळ्यांची टिपरी लागतात आणि एका एकराच्या बेणेमळ्यातून पुढे फार तर आठ-दहा एकर लागण होते. त्यामुळे संशोधन केंद्राच्या काही गुंठ्यांत सिद्ध झालेला वाण कारखान्याच्या हजारो एकर कार्यक्षेत्रात पोचायचा तर मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा बेण्याच्या पायऱ्या चढत काही वर्षे जातात. एवढी जमीन, एवढे मजूर आणि गावोगावच्या शेतकऱ्यांशी एवढी ऊठबस विद्यापीठाजवळ नसते. कारखान्याजवळ असते. म्हणजे संशोधनाचा उत्तरार्ध कारखाना करतो, आणि त्याला त्याबद्दल कुणी संशोधक म्हणत नाही.

विद्यापीठाच्या संशोधन केंद्राला उद्योगातले भागीदार कसे मिळवावेत आणि मिळालेले कसे टिकवावेत, यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे निधीभोवती फिरते: कुणाकडे मागायचा, किती मागायचा, बदल्यात काय द्यायचे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या नगरमध्ये, हा प्रश्न जरा निराळा दिसतो. इथला सर्वांत मोठा उद्योग बऱ्याच अंशी शेतकऱ्यांच्याच मालकीचा आहे. विद्यापीठ ज्याच्यासाठी काम करते तो शेतकरी आणि विद्यापीठ ज्याच्याकडे भागीदारी मागते तो कारखाना, कागदावर तरी एकच आहेत.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. त्याआधी या पट्ट्यात बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी-लक्ष्मीवाडी असे खासगी कारखाने होते. पुढे कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा, संगमनेर, अकोले अशी सहकारी कारखान्यांची साखळी जिल्हाभर पसरली. विद्यापीठ आले १९६८ मध्ये. पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्राचे दहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. उसाचे त्याचे मुख्य केंद्र मात्र राहुरीत नाही. ते सातारा जिल्ह्यात, नीरेच्या खोऱ्यात पाडेगावला आहे, आणि विद्यापीठापेक्षा साडेतीन दशकांनी जुने: स्थापना १९३२. दख्खनच्या कालव्यांखाली ऊस वाढला, जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या, त्या काळातले ते केंद्र. १९३६ मध्ये पुण्यात डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन निघाली. कारखान्यांतले रसायनज्ञ, अभियंते आणि शेतकी माणसे एकत्र येऊन आपल्या अडचणी मांडू लागली. उद्योग आणि संशोधक यांच्या गाठीभेटींची सवय या भागाला अशी जुनी आहे.

आता पाडेगावच्या दोन वाणांची गोष्ट. त्यांत भागीदारीचा निम्मा धडा येऊन जातो.

को ८६०३२ हा मूळचा कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतला वाण. पाडेगावने तो इथल्या हवामानात तपासून १९९६ मध्ये 'नीरा' या नावाने महाराष्ट्रासाठी शिफारस केला. टनेज बरे, साखर चांगली, खोडवा चांगला. शेतकरीही खूश, कारखानाही खूश. राज्यातल्या उसाचे फार मोठे क्षेत्र वर्षानुवर्षे या एका वाणाखाली राहिले. त्यासाठी कुणाला कुणाची मनधरणी करावी लागली नाही.

२००७ मध्ये पाडेगावनेच कोएम ०२६५, म्हणजे फुले २६५, दिला. हा वाण वजनाला भारी, चोपण-खारवट जमिनीतही उभा राहणारा. शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. कारखाने मात्र कुरकुरू लागले. त्यांचे म्हणणे असे की हंगामाच्या सुरुवातीला याचा साखर उतारा कमी बसतो. अनेक ठिकाणी या उसाची नोंद घ्यायला खळखळ झाली, कुठे तोडीची तारीख पुढे ढकलली गेली. शेतकरी संघटनांनी आवाज उठवला. विद्यापीठाचे म्हणणे होते की वाण पुरेसा पक्व होऊ दिला तर उतारा नीट मिळतो.

यात कोण चुकले हे ठरवायची घाई करू नये. शेतकऱ्याला पैसे मिळतात टनावर, कारखान्याचे पोट भरते उताऱ्यावर. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा एक दशांश टक्क्याने घसरला तर एक हजार टन साखर कमी पडते. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, हाही उताऱ्याशीच बांधलेला आहे, हल्ली १०.२५ टक्के पायाभूत धरून. पण तो हिशेब साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर होतो, एकेका शेतकऱ्याच्या उसावर नाही. म्हणून सभासद म्हणून ज्याचे नुकसान होते, तोच शेतकरी म्हणून २६५ लावण्यात फायद्यात राहू शकतो. एकच माणूस, दोन हिशेब. वाणाच्या चाचण्या चालू असतानाच कारखान्यांच्या रसायनज्ञांना आणि शेतकी अधिकाऱ्यांना बसवून 'हा ऊस कोणत्या महिन्यात तोडायचा' याचे वेळापत्रक त्यांच्याकडूनच ठरवून घेतले असते, तर वाणाआधी त्याचा तोडणी कार्यक्रम शेतात पोचला असता, असे मला वाटते. भागीदाराला निकाल कळवणे निराळे आणि प्रश्न ठरवताना बोलावणे निराळे.

हे दुसरे काम पद्धतशीर करण्याची एक रीत अमेरिकेत तयार झाली. १९७३ च्या सुमारास तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने प्रयोग म्हणून तीन केंद्रांना पैसे दिले: एमआयटीत प्लास्टिकवर प्रक्रिया करण्याचे, न्यू इंग्लंडमध्ये ऊर्जेचे, नॉर्थ कॅरोलायनात फर्निचरचे. सरकारी पैसा संपल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहिले ते फक्त एमआयटीचे. तिथे कंपन्या वार्षिक वर्गणी भरून सभासद होत आणि संशोधनाचा कार्यक्रम ठरवताना टेबलाशी बसत. याच धर्तीवर ऐंशीच्या दशकात उद्योग-विद्यापीठ सहकारी संशोधन केंद्रांची मोठी योजना निघाली आणि ती आजही चालू आहे. केंद्राचे उद्योग सल्लागार मंडळ वर्षातून दोनदा भरते. प्रत्येक प्रकल्प मांडला की सभासद कंपनीचा प्रतिनिधी तिथल्या तिथे शेरा देतो: खूप रस आहे, रस आहे, बदल केल्यास रस आहे, रस नाही. मग त्या शेऱ्यांवर सगळ्यांसमोर चर्चा होते. 'बदल केल्यास रस आहे' हा खाना मला सर्वांत कामाचा वाटतो. आपल्याकडच्या बैठकांत 'फार छान' आणि मौन यांच्यामध्ये काही सापडणे कठीण. नंतर चहा पिताना मात्र खरे शेरे ऐकू येतात, आणि ते इतिवृत्तात कधीच जात नाहीत.

या अमेरिकी नमुन्यात सगळ्या सभासदांच्या वर्गणीतून निघालेले ज्ञान सगळ्यांना वापरता येते. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या एका छपराखाली का बसतील, याचे उत्तर त्यात आहे: वर्गणी एकाची, पण हातात येणारे संशोधन सगळ्यांच्या वर्गणीचे. शेजारच्या दोन साखर कारखान्यांत ऊस पळवापळवीवरून कितीही तंटे असोत, हुमणी आणि लोकरी मावा दोघांच्याही शेतात सारखेच उतरतात. अशा विषयांवर एकत्र वर्गणी काढणे सोपे जाते. डिस्टिलरीतल्या एखाद्या खास प्रक्रियेवर ते अवघड.

आपल्याकडे या वर्गणीचा सर्वांत यशस्वी प्रयोग विद्यापीठाबाहेर झाला. वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट निघाली. पुढे तिला वसंतदादांचे नाव मिळाले, आणि आज सगळे तिला व्हीएसआय म्हणतात. कारखाने गाळलेल्या उसावर टनामागे ठरावीक रक्कम तिला देतात. पाडेगाव असताना कारखान्यांनी वेगळी संस्था का काढली असेल? माझ्या मते एक कारण संस्थेच्या रचनेतच दिसते. पाडेगाव ऊस पिकवण्यापाशी थांबते. व्हीएसआय ऊस, गाळप, बॉयलर, अल्कोहोल, सांडपाणी आणि कामगारांचे प्रशिक्षण अशी सगळी खाती चालवते. कारखान्याला तिची गरज बारा महिने पडते, कधी वाणासाठी, कधी यंत्राच्या तपासणीसाठी, कधी नव्या केमिस्टच्या अभ्यासक्रमासाठी. वाण वीस वर्षांत एकदा मोठा लागतो. तेवढ्यावर उद्योगाशी संबंध टिकवायचा म्हणजे दिवाळीला येणाऱ्या जावयासारखे होते: आदर भरपूर, जवळीक बेताची.

टनावरच्या वर्गणीला दुसरी बाजूही आहे. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात १३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला. २०२४-२५ मध्ये हाच आकडा साडेआठशे लाख टनांच्या आसपास उतरला. पाऊस आणि हुमणी संशोधनाचे अंदाजपत्रक ठरवतात, असा त्याचा अर्थ. शिवाय आपोआप कापून येणारा पैसा संस्थेला स्थिर ठेवतो, पण देणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची सक्ती उरत नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये स्थापन झालेली शुगर रिसर्च ऑस्ट्रेलिया ही संस्थाही टनावरच्या आकारणीवर चालते. तिथे उत्पादक आणि कारखाना दोघेही टनामागे ३५-३५ सेंट देतात. पैशाचा मान दोघांना सारखा, त्यामुळे टनेज की उतारा हा आपल्या २६५ सारखा वाद तिथे संस्थेच्या आतच मांडता येतो. आपल्याकडे तो शेतात आणि रस्त्यावर निघतो.

नगरमध्ये उद्योग आणि संशोधन यांचे आणखी एक जुळलेले नाते आहे, पण ते भागीदारीचे नव्हे. शहराजवळची व्हीआरडीई ही डीआरडीओची वाहन संशोधन संस्था. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात वाहन तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याच्या एआरएआयबरोबर तिचे नाव आहे. वाहन उद्योग तिच्या दारात येतो तो नियमाने. ग्राहक टिकवायला हे पुरेसे आहे. मात्र दाराशी येणे सक्तीचे असलेला माणूस आपली पुढची अडचण तुमच्याशी बोलेलच असे नाही. विद्यापीठांनी माती-पाणी परीक्षण किंवा नमुने तपासणीच्या पावत्या मोजून 'उद्योगाशी सहकार्य' असे अहवालात लिहू नये, ते एवढ्यासाठी.

सहकारी कारखान्याला भागीदार करायचे तर त्याचे वेळापत्रक आधी पाठ हवे. बॉयलरचे अग्निप्रदीपन दसऱ्याच्या आसपास, मोळी पडते ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुढे मार्च-एप्रिलपर्यंत शेतकी खाते ऊसतोड टोळ्या, वाहने आणि रोजचा पुरवठा यांत बुडालेले असते. जानेवारीत कार्यशाळेचे निमंत्रण पाठवणाऱ्याला कारखाना कळलेला नाही. मेपासून ऑगस्टपर्यंत माणसे भेटतात. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा, तिच्या आधी अहवाल छापला जातो. नवीन खर्च मंजूर व्हायचा तर तो त्याच सुमारास मांडावा लागतो. उलट विद्यापीठाचे वर्ष मार्चअखेरीला धावते आणि शिल्लक निधी संपवायची गडबड नेमकी गाळपाच्या शेवटच्या महिन्यांत येते. दोन दिनदर्शिका अशा एकमेकींना चुकवत चालतात.

त्यात निवडणूक. संचालक मंडळ पाच वर्षांनी बदलू शकते, चेअरमन त्याआधीही. ज्याच्याबरोबर करारावर सही झाली, फोटो निघाला, तो माणूस उद्या विरोधी पॅनेलमध्ये असतो आणि आधीच्या मंडळाने काय केले याची नव्याला आस्था नसते. म्हणून अनुभवी शास्त्रज्ञ मुख्य शेतकी अधिकाऱ्याला धरून राहतात. मंडळे आली-गेली तरी तो बहुधा तिथेच असतो आणि बेणेमळ्याची चावी त्याच्याकडे असते. गंमत अशी की विद्यापीठाच्या बाजूला नेमके उलटे घडते. दहा जिल्ह्यांच्या पसाऱ्यात शास्त्रज्ञाची बदली होते, आणि कारखान्याने फोन लावला की पलीकडे नवा माणूस असतो. त्याला आधीच्या चाचणीचे काहीच माहीत नसते. भागीदार गमावण्याचे सर्वांत साधे कारण बहुधा हेच. भांडण होत नाही, करार मोडत नाही, फोन करणे थांबते.

कधी भागीदारच आजारी पडतो. राहुरीचाच डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे कारखाना काही हंगाम बंद राहिला. विद्यापीठाच्या उंबऱ्यावरचा कारखाना थकला की शेतकऱ्यांचा ऊस इतर कारखान्यांकडे वळतो आणि त्याच्या भरवशावर आखलेले बेणे-कार्यक्रम अधांतरी राहतात. एकाच मोठ्या शेजाऱ्यावर विसंबण्यापेक्षा चार मध्यम कारखाने, एखादा दूध संघ, ठिबकवाली कंपनी आणि नगरच्या एमआयडीसीतले दोन-तीन छोटे कारखानदार जोडणे शहाणपणाचे. छोट्यांसाठी वर्गणी कमी ठेवावी लागते. अमेरिकी केंद्रांत लहान कंपन्यांना अशी सवलत देण्याची प्रथा आहेच.

निधीच्या बाबतीत एक गैरसमज विद्यापीठांत फिरत असतो: उद्योग म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सार्वजनिक विद्यापीठांतल्या संशोधनालाही त्यातून मदत देता येते. पण सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे, सहकारी संस्था आहे. ते कलम त्याला लागू होत नाही. ठिबक, बियाणे, ट्रॅक्टर, बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांकडे सीएसआरचा प्रस्ताव न्यावा. कारखान्याकडे न्यायचा प्रस्ताव ऊस विकास खर्चात बसणारा असावा, कारण सभासदांना तो खर्च समजतो. बियाणे कंपनीशी बोलताना प्रश्न पुन्हा वेगळा. तिला वाणाचा एकाधिकार हवा असतो, तर विद्यापीठाचा वाण लोकांच्या पैशातून निघालेला असतो. त्यामुळे अनेकांना परवाना देणे विद्यापीठाला जास्त शोभते. वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याने स्वतःचे बियाणे राखण्याचा हक्कही आहे, हे कंपनीला पहिल्याच बैठकीत सांगितलेले बरे.

राहुरीत अलीकडे एक केंद्र याच परीक्षेतून जाते आहे. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि जागतिक बँक यांच्या पैशातून चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली विद्यापीठात हवामान-अनुकूल शेती आणि पाणी व्यवस्थापनाचे प्रगत केंद्र उभे राहिले. ड्रोन, संवेदक, पाण्याचे वेळापत्रक सांगणारी 'फुले जल'सारखी मोबाइल ॲप, विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण अशी कामे तिथे झाली. प्रकल्पाचा पैसा मुदतीचा असतो. यंत्रे राहतात, कंत्राटी संशोधक जातात. एमआयटीच्या वाट्याला आलेला आणि बाकी दोघांना न झेपलेला प्रश्न इथेही तोच आहे: सरकारी आधार संपल्यावर वर्गणी कोण भरणार? पाण्याचा सल्ला शेतकऱ्याला फुकट हवा असतो. कारखान्याला मात्र तोच सल्ला विकत घेण्याचे कारण आहे. पाणी वाचले तर कार्यक्षेत्रात ऊस टिकतो आणि पुढच्या हंगामाचा अंदाज आधी बांधता येतो.

बारामतीत या दिशेने एक रचना तयार झाली आहे. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली ऊसशेती मांडली, तेव्हा ती पसरवण्यासाठी व्हीएसआय पुढे आली. शेतकरी, कारखाना आणि व्हीएसआय यांनी खर्च वाटून घ्यायचा असे ठरले. पहिल्या वर्षी कुतूहल पैसे भरते. एखाद्या शेतात सेन्सर बसतो, चेअरमन पाहून जातात, बातमी येते. दुसऱ्या वर्षी शेतकी अधिकारी आकडे मागतो: पाणी किती वाचले, एकरी टनेज किती वाढले, कोणत्या गटात फरक पडला नाही. केंद्राने हे आकडे कारखान्याच्या गटवार नोंदींच्या भाषेत, जुलैअखेर, म्हणजे अहवाल छापायला जाण्याआधी दिले तर ते सभासदांच्या हातातल्या पुस्तिकेत ऊस विकास खर्चाच्या शेजारी छापले जातात. सप्टेंबरच्या सभेत मागच्या रांगेतला कुणी तरी उठून विचारतो, 'हे आमच्या गावाला कधी?' चेअरमनला मग उत्तर द्यावे लागते, आणि ऑक्टोबरात राहुरीला किंवा बारामतीला फोन कारखान्याकडून येतो.